सातशे वर्षे टिकलेले लाकूड



जुने माळवद पाडून स्लॅब टाकण्याचा विचार आज पुष्कळ घरांत चालू आहे. "लाकूड आता किती दिवस टिकणार?" असे घरातली माणसे म्हणतात. निर्णय घेण्यापूर्वी एका मशिदीची हकिकत ऐका.

तुर्कस्तानात कोन्या प्रांतात, बेशेहिर सरोवराजवळ एशरेफोग्लू मशीद आहे. तिथला सत्ताधीश सुलेमान बे याने ती १२९६ ते १२९९ या काळात बांधली. बाहेरच्या भिंती दगडी; आत मात्र चाळीसहून अधिक उंच लाकडी खांब, त्यांच्या माथ्यावर कोरीव काम, वर तुळया आणि रंगीत नक्षीची तक्तपोशी. छप्पर मूळचे मातीचे, सपाट, म्हणजे आपल्या माळवदाचाच भाऊ! खांब सीडारचे आहेत. हे झाड आपल्या हिमालयातील देवदाराच्या कुळातले. ही लाकडे आधी कित्येक महिने सरोवराच्या पाण्यात ठेवली होती, असे तिकडे सांगतात.

खरी गंमत पुढेच आहे. मशिदीच्या मध्यावर छत उघडे ठेवले होते आणि बरोबर त्याखाली जमिनीत खड्डा होता. हिवाळ्यात छपरावर साचलेले बर्फ त्यात लोटत. छपरावरचे ओझे उतरे आणि बर्फ सावकाश वितळून आतल्या हवेत ओलावा राही. लाकूड फार सुकले की तडकते, सतत भिजले की कुजते. या दोन्हींच्या मधली स्थिती त्या लोकांनी साधली. आता ती जागा काचेने झाकली आहे. २०२३ साली युनेस्कोने ही मशीद आणि तशाच आणखी चार मशिदी जागतिक वारसा यादीत घेतल्या.

आपल्याकडे बर्फ नाही, पाऊस आहे. म्हणून आपली काळजी वेगळी. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकून चोपा, पन्हाळी मोकळ्या करा. तुळईचे भिंतीत गेलेले टोक ठोकून पाहा. आवाज पोकळ आला तर ते आतून खाल्लेले समजा व जाणत्या सुताराला दाखवा. वाळवीची मातीची नळी नुसती खरवडू नका, ओल कुठून येते ते शोधा. नवा बांबू वापरण्यापूर्वी काही आठवडे पाण्यात बुडवून, मग सावलीत वाळवा. त्यातील पिठूळ अंश कमी होतो आणि भुंगेरे कमी लागतात.

एवढे पाहून तुळया धडधाकट निघाल्या, तर घर पाडण्याची घाई करू नका. आजोबांनी लाकूड निवडून घातले होते. दरवर्षीची निगा मात्र आपल्याच हाती आहे.