मागाल तर देऊ!

पार्किंगच्या दंडाच्या एका पावतीमुळे अख्ख्या प्रांताचे कायदे अवैध ठरू शकतात का? कॅनडात ठरलेत.

१८७० साली मॅनिटोबा प्रांत झाला तेव्हा विधिमंडळात आणि कोर्टात इंग्रजी व फ्रेंच दोन्ही चालतील असं लिहून दिलं होतं. १८९० मध्ये प्रांताने कायदा करून फ्रेंचला नारळ दिला. १८९२ सालीच तिथल्या एका कोर्टाने हा कायदा अवैध ठरवला, पण सरकारने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढे १९७६ साली विनिपेगच्या सेंट बोनिफस ह्या फ्रेंच भागातल्या जॉर्ज फोरे नावाच्या विमा एजंटाला फक्त इंग्रजीतली दंडाची पावती मिळाली. गडी दंड भरून मोकळा झाला नाही, भांडत राहिला. १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने १८९० चा कायदा रद्द ठरवला. १९८५ मध्ये तर त्याच कोर्टाने फक्त इंग्रजीत केलेले सगळेच कायदे अवैध म्हणून सांगितलं. रातोरात प्रांत कायद्याविना राहू नये म्हणून भाषांतराला मुदत दिली, एवढंच.

म्हणजे हक्क कागदावर होताच की! तरी मधली जवळजवळ नव्वद वर्षं त्याचा उपयोग शून्य.

आता तुम्ही म्हणाल, ह्या लोकांना इंग्रजी येतं ना, मग हा हट्ट कशाला? पावतीपुरतं ठीक आहे. पण हॉस्पिटलचं काय? पोटात कळ आली की ती नक्की कशी आहे, चमक आहे की मुरडा की जळजळ, हे परक्या भाषेत सांगून बघा. आपण दिवसभर इंग्रजीत मेल लिहिणारी माणसं, तरी अडखळतो. मग सत्तरीच्या आजीबाईंनी काय करायचं?

ओटावातल्या माँफोर्ट हॉस्पिटलची गोष्ट नेमकी हीच. ओंटारिओ प्रांतात फ्रेंच भाषिक सहा लाखांहून जास्त, आणि फ्रेंचमधून डॉक्टर-नर्स घडवणारं हॉस्पिटल हे एकच. १९९७ साली प्रांताच्या आयोगाने खर्च वाचवायला ते बंद करायची शिफारस केली. युक्तिवाद काय, तर बाकीच्या हॉस्पिटलांत दोन्ही भाषा बोलणारे लोक असतीलच. झिझेल लालोंद ह्या बाईंच्या पुढाकाराने लोक उभे राहिले, मार्चमधल्या सभेला दहा हजारांच्या आसपास माणसं जमली. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००१ साली अपील कोर्टाने निकाल दिला की अल्पसंख्याकांचं संरक्षण हे राज्यघटनेचं मूळ तत्त्व आहे, ते बाजूला सारून असं हॉस्पिटल मोडता येणार नाही. माँफोर्ट आजही चालू आहे.

अर्थात खर्चाचा मुद्दा खोटा नाही. प्रत्येक खेड्यात फ्रेंच बोलणारी नर्स कुठून आणणार? म्हणून ओंटारिओच्या १९८६ च्या कायद्याखाली ठरावीक भाग निवडलेत. फ्रेंच भाषिक दहा टक्के असतील किंवा शहरात पाच हजार असतील, तर साधारणपणे तो भाग निवडला जातो. असा आकडा मला मान्य आहे. कुठेतरी रेघ मारावीच लागते.

मान्य नाही ते पुढचं वाक्य: "आमच्याकडे फ्रेंच मागतंच कोण?"

आमच्या धंद्यात हा प्रकार रोज दिसतो. एखादी सोय चार मेनूंच्या आत लपवायची आणि सहा महिन्यांनी लॉग दाखवून म्हणायचं, बघा, कोणी वापरत नाही, काढून टाका! अहो, दिसली तर वापरतील ना. काउंटरवर इंग्रजीतच "नेक्स्ट" ऐकू आलं, मागे दहा जण उभे असले, की माणूस मुकाट्याने इंग्रजीत बोलतो. त्याची गरज कुठल्याच रजिस्टरमध्ये नोंदली जात नाही. मग मागणी नाही म्हणून माणूस नेमायचा नाही, आणि माणूस नाही म्हणून कोणी मागायचं नाही. हे वर्तुळ मागणाऱ्याने नाही, देणाऱ्याने तोडायला हवं.

कॅनडात त्यासाठी साधा उपाय आहे. केंद्र सरकारच्या ठरलेल्या कचेऱ्यांत कर्मचाऱ्याने सुरुवातच "हॅलो, बाँझूर" अशी करायची. दोन शब्द, पण ते ऐकल्यावर फ्रेंच बोलणं म्हणजे त्रास देणं वाटत नाही. ओंटारिओनेही २०२३ पासून आपल्या कचेऱ्यांना आपणहून फ्रेंच सेवा देऊ करण्याचे नियम लागू केलेत. गंमत म्हणजे ह्याच प्रांताने २०१८ मध्ये फ्रेंच सेवांच्या आयुक्तांचं स्वतंत्र कार्यालय बंद करायचं ठरवलं आणि २०१९ मध्ये ते काम लोकपालाकडे दिलं. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने... असो.

आपल्याकडेही भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्क्यांहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात अशी जुनी तरतूद आहे. बेळगावचे मराठी लोक ह्याच तरतुदीसाठी वर्षानुवर्षं अर्ज करतायत. त्यांच्या बाजूने बोलताना आपला आवाज चढतो, आणि चढायलाच हवा. पण मग सोलापुरातल्या कन्नड आजोबांना सरकारी दवाखान्यात कोणी आपणहून त्यांच्या भाषेत विचारतं का, हेही आपणच विचारायला हवं. कायदा एकच आहे. तो मागणाऱ्याच्या चिकाटीवर सोडला, तर प्रत्येक पिढीत एक जॉर्ज फोरे लागेल. आणि सगळ्यांनाच तेवढा वेळ नसतो.