मोहाच्या हंगामात हरकती

वनधोरणातल्या सुधारणा रखडतात त्या केवळ संवादाअभावी, असा शोध एका तज्ज्ञांनी लावला आहे आणि बोलावतील तिथे जाऊन ते तो सांगत आहेत. कायदे उत्तम, हेतू शुद्ध, अधिकारी कळकळीचे. गावकऱ्यांपर्यंत ‘मेसेज’ तेवढा पोचत नाही. मग गैरसमज होतात, गैरसमजातून विरोध होतो आणि चार उपद्व्यापी मंडळी त्यावर पोळी भाजून घेतात. उपाय म्हणून पथनाट्य, भित्तिपत्रकं, रील्स, शाळकरी पोरांची प्रभातफेरी आणि बजेट उरलंच तर एखादा सिनेनट. तज्ज्ञांचं म्हणणं याहून फार खोल असेल तर ते त्यांनी अजून कुणाला कळू दिलेलं नाही.

गैरसमज कुणाचा? मार्च २०१९ मध्ये केंद्राने १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा राज्यांकडे पाठवला. वन कर्मचाऱ्यांच्या हाती बंदूक आणि ती चालवल्यास कारवाईपासून संरक्षण, अशी त्यात तरतूद होती. सरपणाची मोळी आणली म्हणून ज्याच्या नावाने गुन्हा नोंदवला गेला आहे, त्याला या वाक्याचा अर्थ सांगायला पथनाट्य लागत नाही. लोकांना मसुदा नीट समजला, म्हणून ते चिडले. नोव्हेंबरात तो मागे घ्यावा लागला.

पण माझा खरा राग आहे तो त्यांच्या लाडक्या तक्रारीवर. ‘आम्ही हरकती मागवतो, लोकच प्रतिसाद देत नाहीत!’ कधी मागवता हो? नव्या राष्ट्रीय वनधोरणाचा मसुदा १४ मार्च २०१८ ला निघाला आणि हरकतींना महिनाभराची मुदत मिळाली. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गडचिरोलीतलं माणूस कुठे असतं, हे तज्ज्ञांनी एकदा तिथल्या कुणालाही विचारावं. ते मोहाखाली असतं. फुलं पहाटे पडतात, गुराढोरांच्या आधी वेचावी लागतात, अंगणात वाळवावी लागतात, आणि घरातली पोरंही त्यातून सुटत नाहीत. बरं, तो योगायोग होता म्हणू. वन संवर्धन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक २९ मार्च २०२३ ला संसदेत आलं, संयुक्त समितीकडे गेलं आणि समितीने सूचना मागवल्या मे महिन्यात. मुदत १५ दिवस. मे म्हणजे तेंदू. उजाडायच्या आत रानात जायचं, दुपारी ७० पानांची पुडकी बांधायची, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायची. या पंधरवड्याच्या कमाईवर पावसाळ्याचं बियाणं ठरतं. त्या दिवसांत दिल्लीला निवेदन कोण लिहिणार? ज्यांनी तरी वेळ काढून लिहिलं, त्यांचं काय झालं? समितीने जुलैत अहवाल दिला, तो एकही बदल न सुचवता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत विधेयक दोन्ही सभागृहांतून पार. म्हणजे जंगलातल्या दोन हंगामांत दोनदा कान उघडला आणि दोन्ही वेळा आत कुणी नव्हतं. वर उदासीन कोण, तर गावकरी!

प्रसिद्धीचं म्हणाल, तर ती आपल्याकडे कधी कमी होती? महाराष्ट्राने वृक्षलागवडीचे आकडे २०१६ ला २ कोटी, मग ४, मग १३ आणि २०१९ ला ३३ कोटी असे चढवत नेले. फलक झाले, सेल्फी झाल्या. पुढे त्याच लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती बसली.

ही तज्ज्ञ मंडळी जुनीच आहेत. ‘जंगल गावाच्या हाती दिलं तर गाव ते विकून खाईल’ असं छातीठोक सांगणारे यांचेच पूर्वसूरी. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला, आणि जंगल आहे तिथे आहे. त्या भाकिताबद्दल मात्र कुणी पत्रक काढलेलं नाही.

मग करायचं काय? फारसं अवघड नाही. मसुदा मराठीत तर काढाच, शिवाय गोंडी, माडिया, भिली बोलणारा माणूस तो ग्रामसभेत तोंडी समजावून सांगू दे. तारीख तेंदू, मोह आणि भातलावणी टाळून धरा. मसुदा लिहिणारा अधिकारी समोर बसू दे, जनसंपर्कवाला नको. आणि प्रत्येक हरकतीचं उत्तर, मान्य की अमान्य आणि का, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागू दे. ओडिशात नियमगिरीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१३ मध्ये १२ ग्रामसभा घेतल्या गेल्या. १२ च्या १२ गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. प्रतिसाद असा असतो. तो आवडला नाही, ही गोष्ट वेगळी.

‘यात वर्षं जातील,’ असं उत्तर येईल. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा २०१४ पासून सहा वेळा निघाला. सहावा आला ३१ जुलै २०२४ ला, म्हणजे कोकणात लावणीचा चिखल पायाला असताना. दरवेळी ६० दिवसांची मुदत आणि दरवेळी पुन्हा पहिल्यापासून. महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे. सुरुवात ग्रामसभांपासून करा, असं त्याच घाटावरच्या २०११ च्या अहवालात सांगितलं होतं. तेव्हा ऐकलं असतं, तर एव्हाना प्रत्येक गावाशी दोनदा बोलून झालं असतं.