रेखांशाच्या माथी फोडलेले खापर

ॲडमिरल सर क्लाउड्सली शॉव्हेल याचे नाव आज बहुधा एकाच संदर्भात निघते : रेखांश मोजण्याची विद्या नव्हती, म्हणून १७०७ साली इंग्रजांचा ताफा सिली बेटांच्या खडकांवर आदळला. गोष्ट फार सुटसुटीत आहे, आणि म्हणूनच ती तपासून घ्यावी.

शॉव्हेलचा जन्म १६५० मधला, नॉरफोकचा. १६७६ मध्ये त्रिपोलीच्या बंदरात रात्री होड्या घुसवून त्याने शत्रूची चार जहाजे जाळली, तेव्हापासून त्याचे नाव झाले. पुढे बँट्री उपसागर (१६८९), बार्फ्लर (१६९२), जिब्राल्टर व मालागा (१७०४), बार्सिलोना (१७०५) अशी त्याची चढती कमान. असा माणूस दर्यावर्दी म्हणून अडाणी नव्हता.

१७०७ मध्ये तूलाँचा वेढा फसला आणि २१ जहाजांचा ताफा जिब्राल्टरहून स्वदेशी निघाला. वाटेत सतत वादळी हवा. २२ ऑक्टोबरच्या रात्री (जुन्या इंग्रजी दिनदर्शिकेनुसार) आठच्या सुमारास ‘असोसिएशन’ हे ध्वजजहाज खडकावर आपटले आणि काही मिनिटांत बुडाले. त्यावरील एकही जण वाचला नाही. शॉव्हेलचे दोन सावत्र मुलगेही त्यातच गेले. ‘ईगल’, ‘रोमनी’ आणि ‘फायरब्रँड’ही नष्ट झाली, ‘रोमनी’वरचा केवळ एक माणूस जगला. मृतांचा आकडा किमान १,४०० धरला जातो, काही अंदाज २,००० पर्यंत जातात.

आता नकाशा उघडून पाहा. इंग्लिश खाडीचे तोंड सिलीच्या दक्षिणेला आहे. ताफा योग्य अक्षांशावर असता, तर रेखांशाची चूक कितीही मोठी असो, तो या खडकांच्या दक्षिणेकडून सुखरूप निघून गेला असता. म्हणजे प्राणघातक चूक उत्तर-दक्षिण दिशेची होती! बचावलेल्या जहाजांच्या रोजनिशी विसाव्या शतकात तपासल्या गेल्या, तेव्हा अक्षांशांच्या नोंदींतही मोठी तफावत आढळली. होकायंत्रे सदोष होती, नकाशांत सिली बेटे चुकीच्या जागी होती. एडमंड हॅली (होय, धूमकेतूवाला) याने तर १७०१ मध्येच छापून सांगितले होते की खाडीकडे येणारी जहाजे नकळत सिलीच्या उत्तरेला भरकटत आहेत.

रेखांशाचा कायदा झाला १७१४ मध्ये, २०,००० पौंडांपर्यंतच्या बक्षिसासह. मधली सात वर्षे सोयीस्करपणे गाळली, की दुर्घटना आणि कायदा यांचे सरळ कार्यकारणभावाचे नाते तयार होते. ‘विज्ञानच अपुरे होते’ म्हटले की नादुरुस्त होकायंत्रांची आणि दुर्लक्षित इशाऱ्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

याच्या उलट टोकाची दंतकथाही आहे : सिलीच्या एका खलाशाने धोका सांगितला आणि शॉव्हेलने त्याला फासावर चढवले. ‘असोसिएशन’वरचे कोणीच वाचले नसताना हे सांगितले कोणी? पहिली कथा नौदलाला सोडवते, तर दुसरी सगळा दोष एका मृत माणसाच्या गळ्यात घालते.

शॉव्हेलचे प्रेत पोर्थेलिकच्या किनाऱ्यावर सापडले आणि पुढे वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरले गेले. राणी ॲनने तेथे संगमरवरी स्मारक उभारवले. त्यावर चार वर्षांतच जोसेफ ॲडिसनने टीका केली : शूर दर्यावर्दी उशांवर रेललेला, लांब केसांच्या टोपातला छानछोकी माणूस दिसतो, आणि लेखात त्याच्या पराक्रमाऐवजी त्याचा मृत्यू कसा झाला एवढेच कळते.