डॉक्टर, भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहा

जर्मनीत रुग्ण तपासणाऱ्या मराठी डॉक्टरांनो, दातांच्या डॉक्टरांनो, मानसोपचार करणाऱ्यांनो, आपोथेकेच्या काउंटरमागच्या फार्मासिस्टांनो आणि वॉर्डात रात्रपाळ्या काढणाऱ्या नर्सेसनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. डॉक्टोलिबवर किंवा तुमच्या राज्याच्या डॉक्टर-शोधयादीत तुमच्या नावाखाली बोलल्या जाणाऱ्या भाषांचा रकाना असेल. त्यात मराठी लिहा. पाच मिनिटांचं काम आहे, आज रात्री जेवणं झाली की करून टाका.

आपली बरीच मंडळी तिथे जर्मन, इंग्रजी आणि फार तर हिंदी लिहून थांबतात. विचारलं तर म्हणतात, “मराठीत कोण शोधतंय?” शोधणारे आहेत. एकदा शोधून हाती काही लागलं नाही की ते पुन्हा शोधत नाहीत, एवढंच. मग भारतातून आणलेल्या गोळ्यांचा डबा उघडतो, नाहीतर पुण्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर फोटो जातो. त्या बिचाऱ्यांना पोट दाबून बघता येत नाही, छातीला स्टेथोस्कोप लावता येत नाही. ते सांगतात, “तिथल्या डॉक्टरांना दाखवा.” गाडी पुन्हा मूळ मुक्कामावर.

कंपनीत नोकरी करणाऱ्या तिशीतल्या मुलामुलींची मला तेवढी काळजी नाही. म्युनिक, बर्लिन, फ्रँकफर्टमध्ये त्यांचं इंग्रजीवर निभावतं. अडतं ते इतरांचं. तीन महिन्यांच्या व्हिसावर नातवंडांपाशी आलेल्या आईवडिलांचं अडतं. लग्न होऊन आलेल्या आणि अजून जर्मनचा पहिला वर्ग शोधणाऱ्या मुलीचं अडतं. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांची भाषा झाली आणि नर्सेस, वीजतंत्री, वाहनचालक असे कितीतरी व्यवसाय त्यात आले. प्रत्यक्षात किती येतील ते येतील. पण जो येईल त्याने सातारा-जालन्याकडे शिकलेली जर्मन कामापुरती असेल, आणि पोटात कळ उठली की ती पहिल्यांदा दगा देईल.

चौथा गट कुणाच्या लक्षात येत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत इथे शिकायला किंवा नोकरीला आलेले लोक आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची जर्मन उत्तम होती. पण स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि लहानपणची मागे उरते. चाळीस वर्षं जर्मनमध्ये मीटिंगा चालवलेले काका वृद्धाश्रमातल्या नर्सला मराठीत पाणी मागतात आणि ती त्यांच्या फाइलमध्ये ‘असंबद्ध बोलतात’ असं लिहिते. केरळच्या नर्सेस १९६०च्या दशकापासून इथल्या हॉस्पिटलांत येत राहिल्या, त्यामुळे मल्याळी आजीला वॉर्डात आपलं कुणी भेटण्याची निदान शक्यता असते. आपला तसा वारसा नाही. आपल्याला माणसं हुडकावी लागणार.

“पण मुलगा असतोच की बरोबर,” असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळी गोम तिथेच आहे. आईची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झाली आहेत. आता अधूनमधून पुन्हा अंगावरून जातं. दुभाषा म्हणून मुलगा शेजारी बसला असेल तर ती डॉक्टरांसमोर हे सांगेल? गुडघे दुखतात म्हणेल, झोप येत नाही म्हणेल. सुनेला सांगेल, तेही आडून आडून आणि परतीच्या विमानाच्या आठवड्यात. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव लगेच तपासून घ्यायचा असतो. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर अनेकदा याच खुणेने पहिल्यांदा कळतो. इथे आईच्या संकोचाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो तिच्या हाडीमासी आहे आणि या वयात तो जाणार नाही. बदलायचं आहे ते शेजारच्या खुर्चीतलं माणूस.

वडिलांचंही तेच. रात्रीतून पाच वेळा लघवीला उठावं लागतं हे सुनेच्या तोंडून डॉक्टरांना सांगवून घेणं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि मुलगे तरी सगळं जसंच्या तसं पोचवतात का? डॉक्टर एक वाक्य बोलतात, मुलगा त्याचं अर्धं करतो. “बाबांना कशाला घाबरवायचं” म्हणून गाठीची ‘थोडी सूज’ होते. प्रेमापोटीच होतं, पण ज्याच्या शरीरात ती गाठ आहे त्याच्या नकळत निर्णय होतात. बारा वर्षांच्या नातीला तर या कामाला अजिबात बसवू नका. शाळेमुळे तिची जर्मन घरात सर्वांत चांगली आहे, म्हणून आजीच्या बायॉप्सीचा निकाल आजीला तिने सांगावा?

नवऱ्याने बायकोसाठी बोलण्यातला धोका उघड बोलला जात नाही, म्हणून इथे लिहितो. अंगावरचा वळ ‘जिन्यावरून पडली’ म्हणून भाषांतरित होतो तेव्हा त्या खोलीत खरं सांगू शकणारं कुणी नसतं. अशा बाईसाठी ११६०१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक आहे. तिथे अनेक भाषा चालतात, इंग्रजी चालते, मराठी नाही. म्हणून तिला ओळखणाऱ्या मराठी डॉक्टरीणबाई फार मोलाच्या.

कायद्याकडून किती आशा धरावी तेही सांगतो. रुग्णहक्कांचा जो कायदा २०१३ साली इथे आला, त्यानुसार शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी तोंडी माहिती द्यायला हवी, ती रुग्णाला समजेल अशी हवी आणि विचार करायला वेळ मिळेल इतकी आधी हवी. सही केलेल्या कागदाची प्रत मागायचा हक्कही तुम्हाला आहे, ती घेतल्याशिवाय उठू नका. पण ‘समजेल अशी’ म्हणजे दुभाषाचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न लटकलेलाच आहे. कर्णबधिर रुग्णाला खुणांच्या भाषेतल्या दुभाषाचा हक्क आहे. परक्या भाषेसाठी सरकारी आरोग्यविमा साधारणपणे पैसे देत नाही. २०२१ साली सत्तेवर आलेल्या आघाडीने आपल्या करारात हा खर्च विम्यात आणू असं लिहिलं होतं. ती आघाडी २०२४च्या नोव्हेंबरात मोडली आणि कलम कागदावर राहिलं. ज्यांना इथे मत आहे त्यांनी आपल्या खासदाराला विचारावं. पण त्याच्या उत्तराची वाट बघत बसायची ही वेळ नाही.

हॉस्पिटलात काम करणाऱ्यांनी आणखी एक करावं. कोणता कर्मचारी कोणती भाषा बोलतो याची यादी बऱ्याच हॉस्पिटलांत असते. त्या यादीत आपलं नाव घाला. तिसऱ्या मजल्यावरची मराठी नर्स आणि पहिल्या मजल्यावर तीन दिवस गप्प पडून राहिलेले मराठी आजोबा यांची गाठ कधीच पडत नाही, कारण कुणी कुणाला कळवलेलंच नसतं.

आता आपल्या दुखऱ्या जागेकडे येतो. मराठी डॉक्टर मिळाला तरी लोक जायला कचरतात. इथे गावोगावी मराठी घरं मोजकी. गणपतीला आरतीत जो माणूस टाळ वाजवतो तोच सोमवारी आपला रिपोर्ट वाचणार, म्हटल्यावर पोटात गोळा येतो. गर्भपात झाला, मूल होत नाही, नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, दारू सुटत नाही, या गोष्टी चार घरांत फिरतील ही भीती खोटी नाही. आपण फिरवतो त्या! डॉक्टरांपुरतं बोलायचं तर त्यांना गुप्ततेचा कायदा आहे आणि तो मोडला तर फौजदारी गुन्हा होतो. मराठी असल्याने त्यांना सूट मिळत नाही, घरच्यांनाही ते रुग्णाच्या परवानगीशिवाय काही सांगू शकत नाहीत.

अडचण आहे ती मदतीला जाणाऱ्या आपल्यासारख्यांची. म्हणून रुग्णासोबत दुभाषा म्हणून जायला नाव देणाऱ्या स्वयंसेवकांकडून आधीच लेखी घ्यावं, की ऐकलेलं घरी नवऱ्याला किंवा बायकोलासुद्धा सांगणार नाही. रुग्णाने बाई मागितली तर बाई, पुरुष मागितला तर पुरुष. शेजारच्या गावातला माणूस मिळाला तर आणखी बरं, फोनवर दुभाषेपण करता येतं. स्वयंसेवकाने फक्त बोललेलं पोचवावं. “माझ्या मावशीलाही असंच झालं होतं” हे तिथे नको आणि सल्ला तर मुळीच नको. कळलं नाही तर डॉक्टरांना परत विचारावं. मोबाइलवरच्या भाषांतराचा अपॉइंटमेंट घेण्यापुरता उपयोग करा. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रासाठी त्याच्यावर मी तरी माझं शरीर सोपवणार नाही.

घरच्यांनी एक कागद आजच तयार करावा. आईवडील घेत असलेल्या गोळ्यांची भारतातली दुकानी नावं इथल्या डॉक्टरला कळत नाहीत. ग्लायकोमेट, टेल्मा, इकोस्प्रिन, थायरोनॉर्म यांच्याऐवजी मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, ॲस्पिरिन, लेव्होथायरॉक्सिन अशी मूळ औषधांची नावं आणि मिलिग्रॅम लिहा. काढे, भस्मं, गुग्गुळ जे काही चालू असेल तेही लिहा, लपवू नका. सकाळ-दुपार-संध्याकाळ १-०-१ लिहायची पद्धत दोन्हीकडे सारखीच आहे, तेवढं सुख. तापाचं मात्र तसं नाही. “१०२ ताप आहे” म्हटलं तर इथली नर्स चक्रावते, इथे सेल्सिअस, म्हणजे ३८.९. रक्तातल्या साखरेची गंमत वेगळीच. पश्चिमेकडच्या राज्यांत आपल्यासारखंच मिलिग्रॅममध्ये सांगतात, पूर्वेकडे अनेक ठिकाणी मिलिमोलमध्ये. स्टुटगार्टला १८० असलेली साखर लाइपझिगला १० होते आणि आजोबांना वाटतं आपण बरे झालो. इथे विमा असलेला रुग्ण डॉक्टरांनी दिलेली निदान तीन औषधं कायम घेत असेल, तर २०१६पासून त्याला डॉक्टरांकडून औषधांचा छापील तक्ता मागता येतो. तो मागा.

नवीन आलेल्या मुलामुलींनो, ठणठणीत असतानाच हाउसआर्त्स्ट, म्हणजे नेहमीचा फॅमिली डॉक्टर, गाठा. आजारी पडल्यावर शोधायला निघालात तर “नवे रुग्ण घेत नाही” हे उत्तर वारंवार ऐकाल. नवराबायकोंना २०२३पासून एकमेकांसाठी आणीबाणीत सहा महिन्यांपर्यंत वैद्यकीय निर्णय घेता येतात. मुलांना आईवडिलांसाठी असा आपोआप हक्क नाही, त्याला मुखत्यारपत्र लागतं. इथे कायमचे राहणारे आईवडील असतील तर ते करून घ्या.

एक मात्र घोळ नको. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, छातीत दडपण आलं, मधुमेही आईला नुसतं ‘पित्त’ होऊन दरदरून घाम फुटला, तर मराठी डॉक्टर शोधायचा नाही. ११२ लावायचा. अर्धांगाच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेव्हा दोन गोष्टी हमखास विचारल्या जातात: माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. ही उत्तरं जर्मनमध्ये देणारा एक मराठी फोन नंबर फ्रिजवर असावा. जिवावरचं नसेल पण दवाखाना बंद असेल, तर ११६११७.

आता मराठी मंडळांकडे. बहुतेकांचे आईवडील उन्हाळ्यात येतात, म्हणून मराठी डॉक्टरांची यादी गुढीपाडव्यापर्यंत तयार हवी. डॉक्टरांचं नाव, गाव, विषय, सरकारी विम्याचे रुग्ण घेतात की फक्त खासगी, नवे रुग्ण घेतात का, एवढंच त्यात असावं, आणि तेही त्यांच्या लेखी परवानगीने. कुणाचा खासगी मोबाइल नंबर ग्रुपवर टाकू नका. एकदा टाकलात की रविवारी सकाळी सात वाजता मुळव्याधीचे फोटो जायला लागतात आणि तो डॉक्टर पुन्हा कधी नाव देत नाही. स्वयंसेवकांची यादी वेगळी ठेवा, ती एकाच माणसाकडे असू द्या. लहान गावात मंडळ नसेल तर जवळच्या मोठ्या गावाच्या मंडळाला कळवा.

यादी करणं सोपं, ती जिवंत ठेवणं कटकटीचं. डॉक्टर गाव बदलतात, दवाखाने नवे रुग्ण घेणं थांबवतात. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाला विचारायचं आणि उत्तर आलं नाही तर नाव काढायचं. हे करायला चिकाटीचा एक माणूस लागेल. कार्यकारिणीत ‘बघू’ म्हणून सोडू नका. पाडव्याच्या कार्यक्रमात, श्रीखंडाच्या आधी, त्याचं किंवा तिचं नाव व्यासपीठावरून जाहीर करा.