लाही ओलाव्यावर फुटते



२१ डिसेंबर २०२४ ला जयसलमेरमध्ये जीएसटी परिषदेत पॉपकॉर्नवर खल झाला. सुट्या, मीठ-मसाल्याच्या लाह्यांना ५ टक्के, पाकीटबंद असतील तर १२, साखरेत घोळल्या तर १८. (पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांचा टप्पाच निघाला, तो भाग वेगळा.) लाहीचा इतका कीस पाडला, पण दाणा पिकवणाऱ्याचं नाव निघालं नाही. त्याचं रडगाणं आम्ही गाणार नाही. दाण्याची लाही कशामुळे होते आणि ते कोणाच्या हातात आहे, एवढंच पाहू.

नागपंचमीला लाह्या फोडण्याआधी घरची म्हातारी ज्वारी ओलवून दडपून ठेवते. तिला जे कळतं तेच मक्याचं शास्त्र. कडक सालीच्या आत पाणी कोंडलेलं असतं. १८० अंशांच्या आसपास त्याची वाफ साल फोडते. ओल १३ ते १४ टक्के हवी. कमी असली की कढईच्या बुडाशी गणंग उरतात, जास्त असली की लाही चिवट, बारकी.

आम्ही कृषी पदवीधर. तरीही पहिल्या वर्षी कणसं ज्वारीसारखी खळ्यावर कडक उन्हात टाकली. ओल उडाली, साली तडकल्या. व्यापाऱ्याने मूठभर दाणे कढईत टाकले आणि साध्या मक्याचा भाव सांगितला. तो लबाड नव्हता, चूक आमची होती.

आता असं करतो. कणसाचं पान वाळलं, दाण्यात नख रुतेना आणि दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की तोडणी. पानं सोलून कणसं सावलीत, वारा खेळेल अशी टांगायची. दोन-तीन आठवड्यांनी रोज थोडे दाणे फोडून पाहायचे. चांगले फुटू लागले की हाताने सोलून घट्ट झाकणाच्या डब्यात. मळणीयंत्रात घालू नका, साल दुखावते. जास्त वाळलेच तर किलोला तीन चहाचे चमचे पाणी शिंपडून, डबा हलवून चार दिवस थांबा.

बी लाहीच्याच मक्याचं घ्या, अंबर पॉपकॉर्नसारखं. शेजारी साधा मका असेल तर पेरणीत तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर त्याचा पराग येऊन लाही बिघडते. आणि कपाशी मोडून हे लावू नका. कणसाला केस फुटताना पावसाने ताण दिला तर हाती पाचोळा येतो. विहिरीजवळच्या चार-सहा ओळी पुरेत.

कापसात ८ टक्क्यांच्या वर ओल निघाली की केंद्रावर भाव कापतात, १२ च्या वर घेतच नाहीत. तिथे मीटर दुसऱ्याच्या हातात. लाहीच्या मक्याचा मीटर म्हणजे घरची कढई.

पुढच्या जिल्हा बैठकीला ज्यांच्याकडे हा मका आहे त्यांनी मोजून शंभर दाणे आणावेत. स्टोव्ह आणि कढई आम्ही आणतो. गणंग किती उरले ते सगळ्यांसमोर मोजू, मग भावाचं बोलू.