सावड खुरपणीपुरतीच का?



नव्या लागणीचा विषय निघाला की आपल्याकडे संकल्पांना तोटा नसतो. आवंदा एकरी पाच-दहा टन वाढवायचेच. सोसायटीचे कर्ज मुदतीत फेडायचे. पोरीला बारावीनंतर घरी बसवायचे नाही. तंबाखू सोडायची. बोलताना माणूस खरेच बोलत असतो, त्यात खोट नसते. पण दसरा-दिवाळी येईस्तोवर निम्मे संकल्प विसरले जातात आणि उरलेले पुढच्या सालावर जातात. लोक म्हणतात, माणूसच आळशी, त्याला काय करणार? आम्हांस हे पटत नाही. पहाटेची लाईट आली की काळोखात पाणी धरायला जाणारा माणूस आळशी कसा असेल? आमचे मत असे की, माणूस आळसाने मागे पडत नाही, तो एकटा पडतो म्हणून मागे पडतो.

हे आपल्या वाडवडिलांना चांगले ठाऊक होते. खुरपणीला सावड होती. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी वारंगुळा करी आणि दोघांचीही पेरणी उरके. एखाद्याचे रान मागे राहिले तर गावचे नांगर एका दिवशी त्याच्या बांधावर उभे राहत आणि घरधन्याने जेवण घालायचे. त्याला इर्जिक म्हणत. यात उपकाराची भाषा नव्हती. रान ज्याचे त्याचे, पीकही ज्याचे त्याचे, फक्त हात सगळ्यांचे. आपला साखर कारखाना तरी दुसरे काय आहे? 1950 च्या सुमारास प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे उभे केले, ती मोठ्या मापाची सावडच.

आता शेतातलेच एक उदाहरण घेऊ. ऊस तुटून गेल्यावर एकरी साधारण तीन-चार टन पाचट मागे राहते. ते जाळू नये, सरीत दाबून वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजविणारे जिवाणू टाकून जागेवरच कुजवावे, खोडव्याला ओल टिकते, जमिनीचा पोत सुधारतो, हे आता कुणाला नव्याने सांगायला नको. तरीही फडाफडांतून धूर निघतोच. का? कारण एकट्याने ठरवून भागत नाही. तुम्ही पाचट राखले आणि शेजाऱ्याने काडी लावली तर वाऱ्याबरोबर जाळ तुमच्या बांधावर येतो, आणि राखलेल्या पाचटानेच खोडवा होरपळतो. म्हणून मग हुशार माणूसही म्हणतो, "जाऊ द्या, आपणच आधी पेटवू." पण तेच बांधाला बांध लागून असलेले पाच जण एका विचाराने बसले, तर पाचही रानांतले पाचट वाचते. संकल्प एकाचा असला तरी तो पुरा व्हायला शेजारी लागतो, तो असा.

दुसरे उदाहरण आपल्या माळशिरसच्या शीवेपलीकडचे, माण तालुक्यातल्या म्हसवडचे. तिथल्या कष्टकरी बायकांनी चेतना सिन्हा यांच्याबरोबर स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले. पहिला अर्ज नामंजूर झाला. कारण असे की प्रवर्तकांतल्या काही बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. या बायका रोजचे काम उरकून अक्षरे गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा साहेबांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, आम्हांला मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो. तुमचे अधिकारी यंत्राशिवाय आमच्याआधी काढतात का बघा. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. यात ध्यानात घ्यायची गोष्ट ही की, पाटी प्रत्येकीला स्वतःच गिरवावी लागली. एकीचे अक्षर दुसरीने काढून चालणार नव्हते. पण शेजारी दुसरी बसलेली होती म्हणून पहिली उठून गेली नाही.

वारीचे तरी असेच आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. चालायचे ज्याचे त्यानेच, पण दिंडीत असला की पाय दुखणारा माणूसही मुक्कामाला पोचतो. आणि दिंडी धावत नाही, हेही बघा. रोजचा टप्पा ठरलेला, तेवढाच चालायचा, पण चुकवायचा नाही.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. जेऊर परिसरात वाडी-वस्तीवर पाच-सात घरांनी एकत्र यावे. प्रत्येकाने या सालासाठी एकच गोष्ट बोलून दाखवावी, दहा नकोत. कुणाचे माती परीक्षण, कुणाचे ठिबक, कुणाचे थकलेले कर्ज, कुणाचे सुटलेले शिक्षण. दर पंधरा दिवसांनी तासभर बसायचे. काय झाले, काय अडले, पुढच्या पंधरवड्यात काय करणार, एवढेच सांगायचे आणि वहीत मांडायचे. घरातल्या बायकांनाही त्यात जागा हवी. बचत गटाची शिस्त त्यांच्या अंगवळणी पडली आहे. दर महिन्याची वर्गणी आणि हिशेब कसा ठेवावा, हे पुरुषांनी त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

एक अडचण आम्हांस ठाऊक आहे. आपल्या तालुक्यात 'गट' म्हटले की लगेच कान टवकारतात, "कुणाचा गट?" तर हे गट कुणाचेच नव्हेत. इथे पॅनेल नाही, झेंडा नाही. इलेक्शनला ज्याने त्याने आपापल्या वाटेने जावे, पंधरवड्याला मात्र एका सतरंजीवर यावे.

आणि दुसरी अडचण याहून मोठी. पारावर कुणी नवी गोष्ट बोलला की आपण म्हणतो, "तुझ्याच्यानं काय व्हायचं?" हसण्यावारी नेलेल्या या तीन शब्दांनी जेवढी कामे बसवली असतील, तेवढी दुष्काळानेही बसवली नसतील. आर्थिक मदत प्रत्येकाला जमेल असे नाही. पण हे तीन शब्द गिळून त्याजागी "कुठवर आलं रं काम?" एवढे विचारायला दमडी लागत नाही.

बघा, पटतंय का. पटले तर शेजारच्या बांधापासूनच सुरुवात करा.