हाताचे शिक्षण कोणाच्या मुलांसाठी?

सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सुतारकाम, वीजकाम, बागकाम यांसारख्या व्यवसायांची प्रत्यक्ष ओळख व्हावी, दहा दिवस त्याने दप्तराविना कारागिरांकडे शिकावे, अशी अपेक्षा राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये व्यक्त झाली. त्यातील ‘प्रत्येक’ हा शब्दच वऱ्हाडातील सुशिक्षित घरांना पचणे अवघड आहे.

१९८६ च्या धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळविण्याचे लक्ष्य ठेवले होते. ते हुकले. ‘कमी गुणवाल्यांची वाट’ हा शिक्का त्या शिक्षणावर बसला. आपला मुलगा अभियंता व्हावा आणि कारागिराच्या मुलाने आयटीआय गाठावी, ही वाटणी समाजाने निमूटपणे स्वीकारली.

मूळ विचार असा नव्हता. जॉन ड्युई यांनी १८९६ मध्ये शिकागोत काढलेल्या शाळेत मुलांच्या हाती कापूस दिला गेला. अर्धा तास खपूनही सरकीपासून औंसभर रुई सुटेना; तेव्हा पूर्वज सुती वस्त्रांऐवजी लोकर का वापरीत, हे त्यांना उमगले. मुलांना जिनिंगचे मजूर करणे हा हेतू नव्हता. हाताने करता करता बुद्धी जागावी, हा होता. १९३७ च्या वर्धा परिषदेतून आलेल्या ‘नई तालीम’नेही हस्तोद्योगाला शिक्षणाचे माध्यम मानले. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेवर मात्र ‘शाळेचा कारखाना होईल’ असा आक्षेप आला. तो इशारा आजही लक्षात ठेवावा असा आहे.

२० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीच्या ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. तेथे हात लागतीलच. पण वऱ्हाडच्या शाळांनी केवळ हात पुरवायचे काय? कपाशीच्या बोंडातून वनस्पतिशास्त्र, रुईच्या उताऱ्यातून गणित आणि बाजारभावातून अर्थशास्त्र शिकविता येते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून शेजारी उभे आहे. ज्यांचे नाव त्याला आहे, ते पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख वेदवाङ्मयाचे अभ्यासक होते आणि देशाचे कृषिमंत्रीही. त्यांच्या ठायी ग्रंथ आणि नांगर यांचे वैर नव्हते.

कार्यशाळेत डॉक्टरांचा मुलगा आणि शेतमजुराची मुलगी एकाच बाकावर रंधा धरतील, तेव्हाच हे धोरण कागदावरून उतरले असे म्हणता येईल. त्याची सुरुवात सरकारी आदेशाने नव्हे, तर शहाण्या पालकांच्या घरातून व्हावी लागेल.